आधी 'किंड्रेड' की 'द टाइम ट्रॅव्हलर्स वाइफ'?

माझ्या भाचीचं लग्न ठरलं आहे. मुलगा बोटीवर असतो, थर्ड ऑफिसर आहे. साखरपुड्याच्या दिवशी येणारा-जाणारा तिला एकच विचारत होता, "सहा सहा महिने तो नसणार, करमेल का गं तुला?" आणि मग माझ्याकडे बघून, "मावशीला विचार, तिनं काढलीत तीस वर्षं." खरं आहे ते. माझे यजमान इंजिनरूममध्ये होते. ते साइन ऑन झाले, म्हणजे बोटीवर रुजू झाले, की घरातल्या कॅलेंडरवर मी पेन्सिलीनं खुणा करायला घ्यायचे, आणि साइन ऑफची, म्हणजे उतरून घरी यायची, तारीख पुढे गेली की त्या खोडायचे.

भाचीनं मला विचारलं मात्र वेगळंच. मैत्रिणींनी तिला ऑड्री निफेनेगरची 'द टाइम ट्रॅव्हलर्स वाइफ' भेट दिली आहे, 'तुझीच गोष्ट आहे' असं म्हणून. माझ्या कपाटात तिला ऑक्टेव्हिया बटलरची 'किंड्रेड' दिसली. दोन्ही कालप्रवासाच्या कादंबऱ्या आणि दोन्हींत एक नवरा-बायको, ज्यांच्यामध्ये वर्षंच्या वर्षं आडवी येतात. "मावशी, लग्नाच्या गडबडीत एकच वाचून होईल. कुठली वाचू?"

मी म्हटलं, "बटलर." ती जरा गप्प झाली. मलपृष्ठावरच्या मजकुरावरून तिला ते गुलामगिरीवरचं पुस्तक वाटलं होतं, आणि ते आहेच. तरी माझं उत्तर तेच आहे. फोनवर कारणं नीट सांगता आली नाहीत, म्हणून लिहायला बसले. तुमच्याही हातात ही दोन पुस्तकं असतील तर उपयोग होईल. शेवट कुठल्याच पुस्तकाचा सांगणार नाही.

'किंड्रेड' 1979 सालची. डेना ही कृष्णवर्णीय लेखिका, नवरा केव्हिन गोरा, तोही लेखक. दोघं लॉस एंजलीसजवळ अल्टाडेनाला नव्या घरात राहायला आली आहेत आणि पुस्तकांची खोकी उघडून कपाटं लावत आहेत. तारीख 9 जून 1976, डेनाचा सव्विसावा वाढदिवस. तिला भोवळ येते आणि ती एका नदीकाठी जाऊन पडते. पाण्यात एक लहान गोरा मुलगा बुडतो आहे. ती त्याला ओढून काढते, तोंडानं श्वास देऊन जगवते, आणि मान वर करते तर समोर बंदुकीची नळी. त्या भीतीनं ती पुन्हा घरात येते. केव्हिनच्या लेखी ती काही सेकंदच नाहीशी झाली होती. दुसऱ्या खेपेला तिला उलगडतं, की आपण मेरीलँडमध्ये आहोत, साल 1815 आहे, मुलाचं नाव रूफस वेलिन आहे आणि त्याचा बाप मळ्याचा आणि माणसांचा मालक आहे. आणखी एक गोष्ट तिला कळते. डेनाच्या घरातल्या जुन्या बायबलमध्ये वंशावळ लिहायला सुरुवात करणारी हेगर, जन्म 1831, हिच्या बापाचं नाव रूफस वेलिन आणि आईचं ॲलिस. हा मुलगा मेला तर डेनाचं घराणंच जन्माला येणार नाही. रूफसच्या जिवावर बेतलं की डेना खेचली जाते, आणि आपण मरणार असं तिला वाटलं की ती सुटते. अशा सहा खेपा होतात. इकडे पुरता महिनाही लोटत नाही, आणि तिकडे तो मुलगा वाढून मालक होतो.

दुसरी कादंबरी 2003 ची, शिकागोची. हेन्री डीटँबल हा तिथल्या न्यूबेरी लायब्ररीत ग्रंथपाल आहे. त्याच्या शरीरातच एक दोष आहे, जनुकांतला, ज्यामुळे तो अचानक दुसऱ्या काळात जाऊन पडतो. कधी, कुठे, किती वेळ, काहीच त्याच्या हातात नसतं. क्लेअर ही कागदापासून शिल्पं घडवणारी कलावंत. तिच्या आयुष्यात हेन्री पहिल्यांदा येतो तेव्हा ती सहा वर्षांची असते आणि तो मध्यमवयाकडे झुकलेला. हेन्रीच्या आयुष्यात ती पहिल्यांदा येते तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा आणि ती वीस. तेव्हा ती त्याला जन्मापासून ओळखत असल्यासारखी हाक मारते, आणि त्यानं तिला कधी पाहिलेलंच नसतं. दोघं आळीपाळीनं गोष्ट सांगतात, आणि प्रत्येक भागाच्या डोक्यावर तारीख आणि दोघांची त्या दिवसाची वयं दिलेली असतात. त्या ओळी वगळून पुढे जाऊ नका, नाहीतर वीस पानांनी हरवाल.

यंत्राशिवाय

कालप्रवास म्हटलं की एच. जी. वेल्सच्या 'द टाइम मशीन' या कादंबरीतलं 1895 चं यंत्र डोळ्यांसमोर येतं, दांडा ओढला की निघालं. आपल्याकडे मराठीत काळाशी खेळणारी गोष्ट म्हटली की मला आधी जयंत नारळीकरांचे गंगाधरपंत आठवतात. पानिपतात विश्वासरावांना गोळी लागली नसती तर काय झालं असतं, त्या दुसऱ्याच जगात जाऊन पडलेले इतिहासाचे प्राध्यापक. तिथं शेवटी विज्ञानातून एक उत्तर मिळतं आणि वाचणाऱ्याला बरं वाटतं. ती सवय घेऊन या दोन कादंबऱ्यांकडे गेलात तर निराशा होईल. निफेनेगर एक डॉक्टर आणते, जनुकांची चर्चा करते, पण तिचा जीव त्यात नाही. बटलर तर काही सांगतच नाही. ती स्वतः 'किंड्रेड'ला विज्ञानकथा म्हणत नसे, कारण त्यात विज्ञान नाही. मला ते पटतं. डेनाला खेचणारी गोष्ट म्हणजे रक्ताचं नातं, आणि त्या नात्याला समीकरण लागत नाही.

दोन्ही लेखिकांनी यंत्र काढून घेतल्यावर उरतं ते शरीर. हेन्री जातो तेव्हा अंगावरचं काहीच बरोबर जात नाही, दातातलं भरण सुद्धा नाही. हिवाळ्यातल्या शिकागोत तो उघडा, उपाशी, कुठल्यातरी गल्लीत येऊन पडतो. म्हणून तो पळायला शिकतो, कुलपं उघडायला शिकतो, खिसे मारायला शिकतो, आणि हे सगळं त्याला त्याचाच मोठा झालेला अवतार शिकवतो. डेनाच्या हातात जे असेल ते तिच्याबरोबर जातं. म्हणून दुसऱ्या खेपेनंतर ती एक पिशवी कमरेला बांधूनच घरात वावरायला लागते. तिच्यात चाकू, कपडे, साबण आणि वेदनाशामक गोळ्या.

वाचताना वाटतं, पिशवीवाली सुखी. पण बटलर त्या पिशवीतली एकेक वस्तू कशी निकामी होते ते दाखवते. एका खेपेला डेना गुलामगिरीच्या इतिहासाचं पुस्तक घेऊन जाते, त्यात मेरीलँडचा नकाशा असतो. रूफसला ते सापडतं, आणि तो तिला ते स्वतःच्या हातानं चुलीत घालायला लावतो. शिकलेली, विसाव्या शतकातली, सगळा इतिहास ठाऊक असलेली ही बाई, आणि तिच्यासमोर तिचं ज्ञान जळतं. ज्ञान असणं आणि सत्ता असणं यांतलं अंतर मी याआधी इतक्या साध्या प्रसंगात वाचलं नव्हतं.

हेन्रीची असहायता वेगळ्या जातीची. त्याच्या जगात जे घडलं ते घडलंच, बदलत नाही. लहानपणी त्याची आई मोटारीच्या अपघातात गेली. मोठेपणी तो त्या अपघाताच्या जागी पुन्हा पुन्हा जाऊन पडतो, रस्त्याच्या कडेला वेगवेगळ्या वयांचे हेन्री उभे, आणि कुणालाच काही करता येत नाही. 11 सप्टेंबर 2001 च्या पहाटे तो लवकर उठून बसतो, कारण आज काय होणार ते त्याला ठाऊक आहे. दीड-दोन पानांचा प्रसंग आहे, पण तो विसरता येत नाही.

दोघांच्याही अंगावर या प्रवासाच्या खुणा राहतात. बटलरच्या पहिल्याच वाक्यात डेना सांगते, की शेवटच्या खेपेत घरी परतताना तिचा डावा हात गेला. तो कसा गेला हे कळायला सगळी कादंबरी लागते. हेन्रीचं काय होतं ते सांगत नाही.

मोठं माणूस आणि लहान मूल

इथं मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. दोन्ही कादंबऱ्यांच्या मुळाशी एकच रचना आहे, आणि ती माझ्या ध्यानात दुसऱ्या वाचनात आली. एक मोठं माणूस एका लहान मुलाजवळ जाऊन बसतं. त्या मुलाचं पुढे काय होणार हे मोठ्या माणसाला ठाऊक आहे. आणि मोठ्या माणसाचं स्वतःचं आयुष्य त्या मुलाच्या वाढण्यावर अवलंबून आहे.

हेन्री मिशिगनमधल्या साउथ हेवनच्या कुरणात येतो, क्लेअरच्या घराच्या मागे. ती त्याच्यासाठी कपडे आणि खाणं लपवून ठेवते. तो तिचा अभ्यास घेतो, तिच्याशी बुद्धिबळ खेळतो. त्याच्या भेटींच्या तारखा तिनं वहीत उतरवून घेतल्या आहेत, एकशे बावन्न तारखा. ती मोठी होत जाते आणि एके दिवशी तिला समजतं, की हा माझा होणारा नवरा. हेन्री स्वतःला आवर घालतो, ती सज्ञान होईपर्यंत थांबतो, निफेनेगर हे जाणूनबुजून लिहिते. तरीही माझ्या मनातला काटा निघाला नाही. हेन्री तिच्याकडे येतो कारण पुढे ती त्याची बायको असते. ती त्याची बायको होते कारण लहानपणापासून तो येत होता. मग निवडलं कुणी? असं एकही वय क्लेअरला मिळालं नाही, की ज्यात तिला आधीच कुणी निवडलेलं नव्हतं. लेखिकेला हा प्रश्न दिसतो, क्लेअरच्या तोंडी ती तो घालतेही, पण पुस्तकाचा ओढा इतका प्रेमाकडे आहे की तो प्रश्न मागे पडतो. चाळिशीत वाचली तेव्हा मला ही जगातली सर्वांत सुंदर प्रेमकथा वाटली होती. आता भाचीसाठी पुन्हा उघडली तर कुरणातल्या त्या प्रसंगांशी मी सारखी अडखळत होते.

डेना आणि रूफस यांचं नातं याच्या अगदी समोर उभं करून बघा. डेनाला वाटतं, येणं चुकत नाहीच, तर निदान या पोराला थोडं माणसात आणू. त्याच्या तोंडातला काळ्या माणसांसाठीचा घाणेरडा शब्द ती बदलायला लावते. त्याला वाचून दाखवते. तो तिच्यावर जीव लावतो, खरोखर लावतो. आणि तरी तो त्याच्या बापासारखाच होतो, काही बाबतींत बापापेक्षा वाईट. बापाला निदान दिलेला शब्द पाळायचा असतो. रूफसला ॲलिस हवी असते, लहानपणची सवंगडी, जन्मानं स्वतंत्र. ती मिळत नाही म्हणून तो जबरदस्ती करतो, आणि पुढे तिचं स्वातंत्र्य गेल्यावर तिला विकतच घेतो. मग एक दिवस तो डेनाला सांगतो, तिला समजव, ती आपणहून आली तर मला तिला मारावं लागणार नाही.

आणि डेना तो निरोप घेऊन जाते.

त्या पानावर मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं होतं, दोन दिवस. ॲलिसनं रूफसला नाकारलं तर हेगर जन्मणार नाही, हेगर नसेल तर डेना नाही. स्वतःच्या असण्यासाठी दुसऱ्या बाईला तिथं पाठवायचं. बटलर डेनाला माफ करत नाही आणि दोषही देत नाही. फक्त तिला त्या झोपडीच्या दारात उभी करते. चांगला जीव लावला की मूल चांगलं होतं, यावर आपण सगळ्या विसंबून असतो. ज्या व्यवस्थेत एका मुलाला जन्मतःच दुसऱ्या माणसांची मालकी मिळते, तिथं एका बाईची माया कितपत पुरते, याचं बटलरचं उत्तर कठोर आहे आणि मला ते खरं वाटतं.

वाट पाहणं, आणि परत येणं

भाचीच्या मैत्रिणींनी निफेनेगरची कादंबरी दिली ती याच गोष्टीसाठी, आणि त्यांचं चुकलेलं नाही. वाट पाहण्याचे इतके बारीक तपशील मला दुसऱ्या कुठल्या कादंबरीत भेटले नाहीत. हेन्री गेला हे क्लेअरला कसं कळतं, तर जमिनीवर त्याच्या कपड्यांचा ढीग पडलेला असतो, आत माणूस नसतो. ताटातलं गार होतं. तो आत्ता कुठल्या थंडीत, कुणाच्या मारापुढे आहे हे तिला ठाऊक नसतं. ती आपल्या कामात हात घालते, कागदाचा लगदा ढवळते. त्या कपड्यांच्या ढिगाशी मला माझ्या दाराआडची जागा आठवली. यजमानांची मोठी बॅग तिथं उभी असायची. ती जागा रिकामी झाली की महिनाभर तिकडे बघवत नसे.

क्लेअरला मूल हवं असतं आणि तिचे गर्भ पुन्हा पुन्हा पडतात. बापाचा दोष पोटातल्या जिवातही उतरला आहे, तोही काळातून निसटतो. ही कल्पना निफेनेगरच्या साऱ्या प्रतिभेचा कस आहे, आणि तिनं ती हळुवारपणे लिहिली आहे. ज्यांनी हे भोगलं आहे, त्यांनी हे पुस्तक आत्ताच घ्यावं की काही दिवसांनी, याचा विचार करावा.

पण या कादंबरीत हेन्रीचं परत येणं फार सोपं आहे. तो येतो, भुकेला आणि जखमी, ती त्याला खायला घालते, जवळ घेते, आणि आयुष्य जिथं थांबलं होतं तिथून सुरू होतं. तो काही तासांसाठी नाहीतर काही दिवसांसाठीच जातो, त्यामुळे ते खोटं म्हणता येणार नाही. पण लांबच्या मुक्कामावरून आलेला माणूस असा येत नाही.

तो कसा येतो, हे 'किंड्रेड'मध्ये आहे. तिसऱ्या खेपेला, 1819 सालात जाताना, केव्हिन डेनाचा हात धरतो आणि तिच्याबरोबर भूतकाळात जातो. मग ती एकटीच सुटते आणि तो तिथं अडकतो. डेनाला घरी आठ दिवस काढावे लागतात. केव्हिनची पाच वर्षं जातात. ती परत जाते, त्याला पत्रं लिहिते, आणि रूफस ती टाकतच नाही, कारण केव्हिन आला तर डेना जाईल. (आमच्या वेळी बंदरातून टाकलेलं पत्र दीड-दीड महिन्यानं हातात पडायचं. ते न टाकणारा माणूस मी कल्पनेतही आणू शकत नव्हते. रूफसचा पहिला खरा राग मला तिथं आला, चाबकाच्या प्रसंगाच्याही आधी.)

शेवटी दोघं घरी येतात. आणि केव्हिन त्या घरात मावत नाही. तो स्वयंपाकघरात जाऊन शेगडी पेटवतो, बंद करतो. टाइपरायटरपुढे बसतो आणि एक ओळ उमटत नाही. त्याच्या बोलण्याला मेरीलँडचा हेल आला आहे, तोच हेल जो मळ्याच्या मालकाच्या तोंडी आहे, आणि डेना तो ऐकून दचकते. ज्या घरासाठी तो पाच वर्षं जगला, तेच घर त्याला परकं झालं आहे. डेनाला हे समजतं, कारण तिचंही तसंच झालं आहे. ती त्याला समजुतीच्या गोष्टी सांगत नाही. थोडं अंतर ठेवून त्याच्या आसपास राहते.

ही पानं एकूण फार नाहीत, पण मी ती किती वेळा वाचली असतील. साइन ऑफ होऊन आलेला माणूस पहिले पंधरा दिवस घरात पाहुणा असतो. साखरेचा डबा कुठे विचारतो. पहाटे पावणेचारला उठून बसतो, बोटीवरची चार ते आठची वॉच, म्हणजे कामाची पाळी, असल्यासारखा. माझ्या मुलानं एकदा विचारलं होतं, "बाबा परत कधी जाणार?" आणि ते त्यांनी ऐकलं होतं. वाट बघणं मला जमलं, कारण त्याची वही होती, कॅलेंडर होतं. रोज नव्यानं जागा करून देणं शिकायला मला दहा वर्षं लागली. साखरपुड्याला आलेल्या एकीनंही भाचीला त्याबद्दल काही सांगितलं नाही. शीर्षकात 'वाइफ' असलेल्या कादंबरीत ते नाही, आणि गुलामगिरीवरच्या कादंबरीत आहे.

डेना आणि केव्हिन एकाच मळ्यावर राहिले तरी दोघांचा काळ एक नसतो, हेही बटलरनं नेमकं पकडलं आहे. तो गोरा पुरुष, तिथं त्याला पाहुण्याची खोली मिळते. ती त्याच घरात राबते आणि चाबूक खाते. रात्री दोघं बोलतात तेव्हा तो म्हणतो, हा काळ वाटला होता तितका वाईट नाही. नवरा-बायकोनं एकच दिवस दोन वेगळ्या जगांत काढलेला असणं, हे समजायला 1819 सालात जायची गरज नाही. 1976 मध्येही त्यांचं लग्न दोन्हीकडच्या नातेवाइकांना मान्य नव्हतं, आणि मेरीलँडमध्ये असं लग्न 1967 पर्यंत कायद्यानंच बंद होतं.

हातात घेण्याआधी

'किंड्रेड' अडीचशे पानांच्या आसपास आहे, इंग्रजी सरळ आणि छोट्या वाक्यांचं. इंग्रजी कादंबऱ्या फारशा न वाचणाऱ्यालाही चार-पाच रात्रींत होते. मात्र तिच्यात चाबकाचे प्रसंग आहेत, बलात्कार आहे, आईसमोर विकलेली मुलं आहेत. साऱ्या मळ्याचं रांधणारी सारा, जिची तीन मुलं विकली गेली आणि एक मुकी मुलगी तेवढी उरली, ती पुस्तक संपल्यावरही डोक्यात राहते. निफेनेगरची पाचशेच्या वर जाते. शिकागोचे रस्ते, तिथलं पंक संगीत, जर्मन कविता असं बरंच काही तिच्यात आहे, ते सगळं कळलं नाही तरी अडत नाही. मधली शंभरेक पानं, मित्रमंडळींच्या जेवणावळी आणि घर घेण्याचा भाग, मला सैल वाटली. 2022 साली दोन्हींच्या मालिका आल्या आणि दोन्ही एकेका सीझननंतर थांबल्या. निफेनेगरच्या कादंबरीवर 2009 चा चित्रपटही आहे. पुस्तकाआधी यांतलं काही बघू नका.

मराठी वाचकाला 'किंड्रेड' दूरची वाटेल, ही भीती मनातून काढा. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अर्पण केलं ते अमेरिकेतल्या लोकांना, तिथल्या काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी जी झीज सोसली त्याबद्दल. तो धागा आपल्या हातात दीडशे वर्षांपासून आहे. 'किंड्रेड'च्या आदल्याच वर्षी, 1978 ला, दया पवारांचं 'बलुतं' आलं. बटलरला ही कादंबरी सुचली ती एका तरुणाच्या बोलण्यावरून. आपल्या पूर्वजांनी हे सगळं मुकाट सहन कसं केलं, याची त्याला चीड होती. बटलरची आई दुसऱ्यांच्या घरी काम करायची, मागच्या दारानं आत जायची, तिच्यासमोर तिच्याबद्दल जे बोललं जायचं ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची. म्हणून मुलीचं पोट भरलं. बटलरनं त्या तरुणासारखी, शिकलेली आणि ताठ मानेची एक मुलगी घेतली आणि तिला तिथं नेऊन उभी केली, बघ आता, किती दिवस ताठ राहतेस. त्यासाठी ती स्वतः मेरीलँडला जाऊन आली. तिनं निवडलेल्या टॅलबट काउंटीत फ्रेडरिक डग्लस गुलाम म्हणून जन्मला होता, आणि शेजारच्या डॉर्चेस्टरमध्ये हॅरिएट टबमन, दोघंही पळून सुटलेली आणि पुढे गुलामगिरीविरुद्ध लढलेली. उत्तरेला पेनसिल्व्हेनियाची हद्द, म्हणजे सुटकेची वाट चालत जाण्याइतकी जवळ. डेनाही एकदा पळते. किती लांब जाते ते वाचा. 'त्यांनी सहन का केलं' हा प्रश्न आपल्याही घराघरांत विचारला जातो, आणि विचारणारा बहुतेक वेळा सुरक्षित जागी बसलेला असतो.

या दोन्हींपैकी कुठलीच नको, पण काळाची मोडतोड झालेली एखादी कादंबरी हवी, असं असेल तर कर्ट व्हॉनेगटची 1969 ची 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' घ्या. फेब्रुवारी 1945 मध्ये ड्रेस्डेनवर बॉम्ब पडले तेव्हा व्हॉनेगट तिथं युद्धकैदी होता, आणि त्याचा नायक काळातून सुटा होऊन सारखा त्या शहराकडे फेकला जातो. पुस्तक लहान आहे, पण त्यात नवरा-बायकोला फारशी जागा नाही, म्हणून भाचीच्या प्रश्नात ते बसत नाही.

सोबत मुक्काम करण्यासाठी पुस्तक हवं असेल, रडायचं असेल, जवळचं माणूस दूर असेल आणि कुणीतरी ते समजून घ्यावं असं वाटत असेल, तर निफेनेगर. त्या रात्रींसाठी तिच्यासारखी दुसरी नाही, आणि मी स्वतः त्या काळात ती दोनदा वाचली आहे. पण भाची अजून वाट बघायला बसलेली नाही. तिच्यापुढे संसार सगळाच आहे. आत्ताच तिनं क्लेअरची गोष्ट वाचली तर वाट बघणं हीच आपली भूमिका असं तिला वाटेल, अशी मला भीती आहे. आधी तिनं डेनाबरोबर त्या मळ्यावरून जाऊन यावं. केव्हिनला स्वयंपाकघरात शेगडीशी चाळा करताना बघावं. निफेनेगर पहिल्या साइन ऑनच्या आठवड्यासाठी राखून ठेवावी.

रविवारी तिचं केळवण आहे आमच्याकडे. नवरा मुलगाही येतो आहे, त्याला अजून तीन आठवडे सुट्टी आहे. 'किंड्रेड'ची माझी प्रत मी काढून ठेवली आहे. आतल्या कोऱ्या पानावर आमच्या दोघांची नावं आहेत आणि खाली यजमानांच्या अक्षरात एक तारीख, ते शेवटचे साइन ऑफ होऊन घरी आले त्या दिवसाची. ती खोडलेली नाही, तशीच देणार आहे.